बनावट मालावर छापा घालताय? या चुका टाळा

गेली अठरा वर्षं मी कंपन्यांच्या वतीने पोलिसांसोबत छाप्यांना जातोय. माल पकडल्याच्या आनंदात फोटो काढले जातात आणि केस त्याच दिवशी हातची गेलेली असते.

सगळ्यात महागात पडते ती घाई. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ११५(४) प्रमाणे विनावॉरंट झडती-जप्तीला किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. नवखे फिर्यादी म्हणतात, "तोवर माल हलेल साहेब." इंजिन ऑइलच्या एका प्रकरणात मालकाने असाच हट्ट धरला. फौजदाराने गोदाम उघडलं, टेम्पोभर डबे जप्त केले. कोर्टात आरोपीच्या वकिलाने एकच कागद मागितला, रजिस्ट्रारच्या मताचा. तो नव्हताच. माल परत करण्याचा आदेश झाला. ठाण्याच्या आवारात तेच डबे टेम्पोत चढताना मी पाहिले, त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हापासून हे मत मागायला वेळ जाऊ नये म्हणून नोंदणी प्रमाणपत्र आणि अस्सल-नकली मालाचे शेजारी शेजारी ठेवून काढलेले फोटो माझ्या फायलीत आधीच तयार असतात.

यावर पळवाट म्हणून कोणीही कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ लावतं, कारण तिथे उपनिरीक्षकही जप्ती करू शकतो. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तो गुन्हा दखलपात्र (पोलीस विनावॉरंट अटक करू शकतील असा) आणि अजामीनपात्र ठरवला, हे खरं. पण लेबलावरचं चित्र, मांडणी खरोखर तुमची असेल तरच हे कलम लावा. नुसत्या नावावर कॉपीराइट सांगू नका.

नोंदणी झालेली नसताना पाकिटावर गोलातला आर छापू नका. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ खाली तुम्हालाच दंड बसेल. पेटंटच्या भंगासाठी पोलीस ठाण्यात जाऊ नका, तो दिवाणी दावा आहे. कंपनीचा माणूस पंच नको. झडतीचं चित्रीकरण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १०५ नुसार करावंच लागतं.

आणि सील. प्लास्टिकच्या पिशवीवर चिकटपट्टीने लावलेलं लेबल मुद्देमाल खोलीतल्या दोन पावसाळ्यांत सुटतं. एका खटल्यात साक्षीच्या वेळी अशी पिशवी बाहेर आली, पंचांच्या सह्यांचा कागद तळाशी गोळा होऊन पडलेला. नमुना कुठल्या खोक्यातला, हे पंचाला सांगता आलं नाही. मी कापडी पिशवी, सुई-दोरा आणि लाख सोबत नेतो. सह्यांचा कागद शिवणीत घालून वर लाख ओततो. दहा मिनिटं जास्त लागतात, हवालदार कुरकुरतात, मी थांबतो.