पॅलाडिन की लुटारू? ऑनलाइन खेळात पात्राची अलाइनमेंट कशी निवडावी

नेव्हरविंटर नाइट्स या संगणकावरच्या खेळात नवं पात्र बनवायला घेतलं की वंश निवडता, चेहरा निवडता, क्लास (म्हणजे पात्राचा पेशा) निवडता. मग समोर नऊ पर्याय येतात: एका टोकाला लॉफुल गुड, दुसऱ्या टोकाला केऑटिक इव्हिल. केसांचा रंग ठरवायला दहा मिनिटं घालवणारा माणूस इथे दोन सेकंदांत बोट ठेवतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं होतं. ते कसं अंगाशी आलं, ते पुढे येईलच.

अलाइनमेंट म्हणजे पात्राचा नैतिक कल. ही कल्पना डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळातून आली. 1974 साली त्यात लॉ (शिस्त), न्यूट्रल (मधलं) आणि केऑस (मनमानी) एवढे तीनच कप्पे होते. 1978 पर्यंत त्याला गुड-इव्हिलची (भल्या-बुऱ्याची) दुसरी रेघ जोडली गेली आणि नऊ घरांचा तक्ता तयार झाला. मधे 2008 मध्ये घरं पाचावर आणून पाहिली, लोक कुरकुरले, 2014 मध्ये नऊ परत आली.

आधी खेळ कोणता ते बघा

सगळ्या खेळांत अलाइनमेंटला सारखं वजन नसतं. बाल्डर्स गेट 3 मध्ये ती निवडायचीच नसते, तेव्हा हा लेख तिथे बंद. डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइनमध्ये निवडायची असते, पण इव्हिलचा पर्यायच दिलेला नाही, आणि एकदा निवडलेली अलाइनमेंट तुमच्या वागण्यानं सरकत नाही. नेव्हरविंटर नाइट्स मात्र हिशेब ठेवतो. हा खेळ 2002 चा, 2018 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि खेळाडूंनी स्वतः चालवलेले रोलप्लेचे (पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचे) सर्व्हर त्यावर अजूनही आहेत. अशा सर्व्हरवर डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार) बसलेला असतो आणि तो तुमचं वागणं बघत असतो. पुढचं सगळं मुख्यतः याच खेळाला धरून आहे.

सर्व्हरचे स्वतःचे नियमही असतात. कुठे इव्हिल पात्राला आधी परवानगी लागते, कुठे ते चालतच नाही. पात्र बनवण्याआधी ते पान वाचा. कंटाळवाणं असतं, तरी वाचा.

लॉफुल म्हणजे कायद्यानं वागणारा नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबू.

गुड-इव्हिल समजायला सोपं आहे. अनोळखी माणसासाठी तुमचं पात्र पदरमोड करेल का? करेल, तर गुड. आपल्या माणसांसाठी करेल, बाकीच्यांचं त्यांचं ते बघतील, असं असेल तर न्यूट्रल. स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्याचा बळी द्यायला हात कचरत नसेल, तर इव्हिल.

लॉ-केऑसचा प्रश्न वेगळा आहे. निर्णय घेताना तुमचं पात्र स्वतःच्या बाहेरच्या कशाला तरी बांधलेलं आहे का? दिलेला शब्द, गुरूची शिस्त, घराण्याची रीत, पंथाचं व्रत, काहीही चालेल. डोंगरातल्या मठात वाढलेल्या मंकला शहराचा कायदा ठाऊकही नसेल, तरी तो लॉफुलच. भीष्मप्रतिज्ञा करून ती निभावणारा लॉफुल. त्या प्रतिज्ञेपायी कुणाचं भलं झालं की वाटोळं, हा गुड-इव्हिलचा प्रश्न. समोर सत्ताधारी असला तरी निवाडा बदलणार नाही, हा आपल्याकडचा रामशास्त्री बाणा म्हणजे लॉफुल गुडचा मला सुचणारा सगळ्यात चोख नमुना. पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळताना मी तोच डोळ्यापुढे ठेवतो.

केऑटिक म्हणजे वेडा किंवा बेभरवशाचा, असंही नाही. त्याचा निर्णय त्याच्या आतून येतो, एवढंच. गावात दुष्काळ असताना सरदाराचं धान्याचं कोठार फोडून वाटून टाकणारी रेंजर (रानात वावरणारी लढवय्यी) केऑटिक गुड. तिच्यावर तुम्ही डोळे मिटून विसंबू शकता, फक्त तिला आज्ञा द्यायला जाऊ नका. केऑटिक न्यूट्रल म्हणजे बहुतेकांना कळीचा नारद वाटतो. त्याबद्दल माझी तक्रार आहे, ती पुढे.

तक्ता झाकून एक प्रसंग खेळा

घराचं नाव आधी निवडू नका. आधी पात्राला एका कोंडीत टाका आणि मनात काय येतं ते बघा. माझा नेहमीचा प्रसंग असा:

गोब्लिनांच्या गुहेतली लढाई संपली आहे. एक गोब्लिन उरलाय. तो भाला टाकून गुडघ्यावर बसतो आणि म्हणतो, "मला मारणार नसाल तर बाकीचे कुठे लपलेत ते सांगतो." तुमचं पात्र हो म्हणतं. गोब्लिन सगळं सांगतो. आता?

"शब्द दिलाय, सोडा त्याला," असं पहिलं मनात आलं तर लॉफुलकडे कल आहे. सोडताना त्याच्या जखमेला पट्टी बांधावीशी वाटली, तर गुडही. "सोडलं तर उद्या गावावर येईल, बांधून बरोबर न्या, पुढचं नंतर बघू," हा न्यूट्रल गुड माणसाचा विचार. आणि लॉफुल इव्हिल? तो हसून मागे वळतो आणि सोबत्याला म्हणतो, "मी मारणार नाही म्हणालो होतो. तू काहीच म्हणाला नव्हतास." शब्द पाळला गेला, गोब्लिनही गेला. हे उत्तर आपसूक सुचलं असेल, तर तुमचं पात्र कुठल्या घरात राहतं ते मी सांगायची गरज नाही.

असे दोन-तीन प्रसंग स्वतः रचा. एकात पैसा असू द्या, एकात जवळच्या माणसाचा गुन्हा. उत्तरं एकाच बाजूला झुकली नाहीत तरी बिघडत नाही. जिकडे जास्त झुकली ते घर.

मग क्लासशी जुळतंय का तपासा

पॅलाडिन फक्त लॉफुल गुड. मंक लॉफुलच हवा. बार्बेरियन (रानटी लढवय्या) आणि बार्ड (भाट) लॉफुल चालत नाहीत. ड्रुइडच्या (निसर्गपूजक पुजाऱ्याच्या) अलाइनमेंटमध्ये कुठेतरी न्यूट्रल लागतं, म्हणजे नवातली पाच घरं त्याला मोकळी. पुढे जाऊन असॅसिन (मारेकरी) किंवा ब्लॅकगार्ड (दुष्ट योद्धा) व्हायचं मनात असेल तर इव्हिल व्हावं लागेल. फायटर (लढवय्या), रोग (इंग्रजीतला rogue, म्हणजे चोर-लुटारू), विझार्ड (जादूगार) यांना कसलीच अट नाही. दोन क्लास मिसळणार असाल तर दोन्हींच्या अटी आत्ताच ताडून बघा.

आकडे

खेळाच्या आत अलाइनमेंटच्या दोन पट्ट्या असतात, प्रत्येक 0 ते 100. गुड निवडलंत की 85 पासून सुरुवात, न्यूट्रल 50, इव्हिल 15. गुण 70 च्या खाली गेला की तुम्ही गुड राहत नाही, 30 वर आला की इव्हिल. लॉ-केऑसचंही तसंच. म्हणजे गुड माणसाकडे पंधराएक गुणांची पुंजी असते, आणि एखादा कडक डीएम ती एका संध्याकाळीत संपवू शकतो.

आता माझी गोष्ट. माझा पॅलाडिन सरायच्या कोपऱ्यात उभा होता आणि मी त्याच्या पिशवीतली औषधं नीट लावत बसलो होतो. त्याच वेळी वरच्या मजल्यावर आमच्या पार्टीतल्या (एकत्र खेळणाऱ्या गटातल्या) रोगनं एका व्यापाऱ्याचा गळा चिरला. माझ्या पडद्यावर ओळ आली, अलाइनमेंट इव्हिलकडे सरकल्याची. मी? मी तर बाटल्या मोजत होतो! या खेळात एकाच्या कृत्याचा परिणाम, कमी प्रमाणात का होईना, पार्टीतल्या इतरांवरही पडू शकतो. सर्व्हर बनवणाऱ्यानं ते मुद्दाम बंद केलं नसेल तर. असे चार-पाच व्यापारी झाले आणि माझा लॉफुल गुड लॉफुल न्यूट्रल झाला. पॅलाडिनची पुढची लेव्हल बंद.

तेव्हा पॅलाडिन किंवा मंक घेणार असाल, तर पार्टीत कोण आहे ते आधी विचारा. पडद्यावर ती ओळ दिसली की लगेच पार्टी सोडायची किंवा डीएमला निरोप टाकायचा. लाज वाटून घेऊ नका.

दोन घरांबद्दल सावधगिरी

केऑटिक न्यूट्रल निवडणाऱ्या नवख्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात "मला हवं ते करता येईल" एवढंच असतं. मग सोबत्यांच्या खिशात हात, राजाच्या दरबारात शिवीगाळ, आणि कुणी बोललं की ठरलेलं उत्तर: "माझं पात्र असंच वागलं असतं." अहो, पात्र तुम्हीच बनवलंत! हे घर खेळायचंच असेल, तर पात्राला एक हवीशी गोष्ट द्या, जिच्यापायी ते या माणसांना धरून राहील.

इव्हिलचंही तेच. ऑनलाइन खेळात समोर खरी माणसं आहेत, कुणी ऑफिस आटोपून तासभर खेळायला बसलेलं असतं. लॉफुल इव्हिल पार्टीत छान मुरतो, कारण तो करार पाळतो. केऑटिक इव्हिलला मी पार्टीत घेत नाही, आणि चांगला खेळणारा मला अजून भेटलेला नाही.

पहिलंच पात्र असेल तर न्यूट्रल गुड घ्या. दोन्हीकडे सरकायला जागा असते आणि बऱ्याच क्लासना चालतं. खेळता खेळता पात्र हट्टी निघालं, शब्दाला जागणारं निघालं, की पट्टी आपोआप लॉफुलकडे जाईल.

माझ्या त्या पॅलाडिननं नंतर फायटरच्या लेव्हल घेतल्या. जुनी सामर्थ्यं त्याच्याकडे राहिली होती, तेवढा खेळ दयाळू आहे. रोगवाला मित्र अजूनही पार्टीत असतो. हल्ली तो जिना चढायला लागला की मी त्याच्यामागून वर जातो.