सोसायटीच्या टाकीतलं पाणी पिण्याजोगं कसं ठेवावं?

मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा या धरणांतून येणारं पाणी भांडुप किंवा पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होतं, क्लोरीन घेतं आणि आपल्या गेटपर्यंत येतं. तिथून पुढची सक्शन टाकी (जमिनीखालची), पंप, गच्चीवरची टाकी आणि नळ सोसायटीच्या ताब्यात. मुंबईत पाणी ठरावीक तासच येतं, म्हणून साठवणं सुटत नाही, आणि पुष्कळदा पाणी बिघडतं ते या साठवणीतच. घरोघरी फिल्टर असले तरी वॉचमन आणि घरकामाला येणाऱ्या बायका खालच्या नळाचंच पाणी पितात, हेही कमिटीने लक्षात ठेवावं.

सुरुवात टाकी धुण्यापासून करू नका. आधी मापा. क्लोरीन तपासायचं डीपीडी किट आणा. त्यात पाणी गुलाबी होतं आणि रंग तक्त्याशी जुळवून आकडा कळतो. पिवळा रंग देणारं जुनं ओटी किट अजून मिळतं, पण त्यातलं रसायन घातक असल्यामुळे ते टाळलेलं बरं. पालिकेच्या चावीवाल्याने पाणी सोडलं की टाकीत पडणाऱ्या धारेचं पाणी तपासा. मग सक्शन टाकीतलं, गच्चीवरचं आणि सर्वांत लांबच्या घरातल्या नळाचं. चारही आकडे तारीख घालून वहीत लिहा. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, क्लोरीन हवं.

हे चार आकडे शेजारी शेजारी ठेवले की दोष कुठे आहे ते दिसतं. धारेतच शून्य आलं तर वॉर्ड ऑफिसच्या जलकामे विभागात लेखी तक्रार द्या आणि पालिकेच्या १९१६ या फोन क्रमांकावर नोंदवा. धारेत ०.५ आणि सक्शन टाकीत शून्य, म्हणजे टाकीतलं काहीतरी क्लोरीन खातंय: गाळ, शेवाळ किंवा बाहेरून झिरपणारं सांडपाणी. आमच्या इमारतीत एका जुलैमध्ये तीन घरांतल्या मुलांना जुलाब लागले. पंधरा दिवस आम्ही बाहेरच्या पाइपलाइनला दोष देत राहिलो. तपासल्यावर कळलं की टाकीला लागून असलेला ड्रेनेजचा चेंबर फुटला होता आणि टाकीच्या भिंतीला तडा होता. ते पंधरा दिवस मला अजून टोचतात.

म्हणून टाकीभोवती एकदा नीट फिरून या. झाकणाची कड जमिनीपेक्षा वर आहे का, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही? झाकण घट्ट बसतं का? ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी आहे का? जाळी नसेल तर गच्चीवरच्या टाकीत मलेरियाचे डास अंडी घालतात. फ्लशसाठी बोअरवेलची लाइन असेल तर ती पिण्याच्या लाइनला कुठेही जोडलेली नाही, हे प्लंबरला दाखवायला लावा.

आता साफसफाई. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीनंतर. इथे एका गोष्टीत अजिबात ढिलाई नको: बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी झाकणं उघडी ठेवून पंख्याने भरपूर हवा खेळवा, आतला प्राणवायू यंत्राने तपासून घ्या, कमरेला दोर बांधा आणि एक माणूस सतत वर उभा ठेवा. आतला बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे कुणीही उडी मारायची नाही. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात भूमिगत टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. ही साधनं ज्याच्याकडे नाहीत, त्याला काम देऊ नका.

आधी सक्शन टाकी, मग गच्चीवरची. उलट केलंत तर खालची घाण धुतलेल्या टाकीत चढते. गाळ काढा, भिंती घासा, धुवा. दहा लिटर पाण्यात ६ ते ८ ग्रॅम ब्लीचिंग पावडर घेऊन ते द्रावण भिंतींना लावा, अर्धा तास ठेवा आणि पुन्हा धुऊन ते पाणी बाहेर काढा. हे सगळं बाहेर उभं राहून, हातमोजे घालून केलेलं चांगलं.

भरलेल्या टाकीत क्लोरीन कमी पडत असेल तर १०,००० लिटरच्या टाकीत लिटरमागे १ मिलिग्रॅमची भर घालायला ताज्या पावडरचे साधारण ३० ग्रॅम लागतात. बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्या आणि वरची निवळी तेवढी ओता. अर्ध्या तासाने पुन्हा मापा. ओल लागलेली, जुनी पावडर निकामी होते, म्हणून मोठी गोणी घेऊन ठेवू नका.

जंतूंची तपासणी मात्र प्रयोगशाळेतच. निर्जंतुक बाटली तिथूनच आणा आणि ती विसळू नका, कारण तिच्यात क्लोरीन थोपवणारं रसायन असतं. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटली भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू अजिबात सापडता कामा नये. सापडला तर त्याच संध्याकाळी प्रत्येक दारावर नोटीस लावा, पाणी खळखळून उकळून प्यायला सांगा, दोष शोधा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा नमुना द्या.

पाणीबंदनंतर येणारं पहिलं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. रिकाम्या पाइपात फटींतून बाहेरची घाणही ओढली जाते. त्या दिवशी पंपवाल्याला सक्शन टाकीत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद ठेवायला आणि पहिली धार बाहेर सोडायला सांगा. धार स्वच्छ झाली आणि किटवर गुलाबी रंग दिसला, की मगच तो उघडायचा.