पायलट बोटींचा इतिहास वाचायला घेताना

परक्या जहाजावर चढून त्याला बंदरात सुखरूप आणणारा स्थानिक माहीतगार म्हणजे बंदर-पायलट. या माणसांच्या इतिहासाकडे मी वळलो तो मॉडेलच्या नादाने. इंग्लंड-वेल्समधल्या ब्रिस्टल चॅनेलच्या पायलट कटरचं, म्हणजे पायलटला जहाजापर्यंत नेणाऱ्या शिडाच्या बोटीचं, लाकडी मॉडेल करायला घेतलं होतं. सांगाडा, डोलकाठी, शिडं सगळं जमलं. डेकवर ठेवायची एक चिमुकली होडी होती, ती मला शोभेची वाटली म्हणून गाळली. दोनेक वर्षांनी उमगलं, की अख्खी कटर त्या होडीसाठीच होती!

कटरवर बहुधा दोघंच असत, पायलट आणि त्याच्या हाताखालचा शिकाऊ पोरगा. जहाज दिसलं की कटर वाऱ्यात थोपवायची, होडी पाण्यात सोडायची आणि पोराने पायलटला जहाजाच्या शिडीपर्यंत वल्हवत न्यायचं. पोरगा परत येईपर्यंत कटर समुद्रात एकटी. नंतर त्याने एकट्यानेच ती घरी आणायची, मग हवा कशीही असो. चाळीस-पन्नास फुटी बोट एका पोराला आवरली पाहिजे आणि सुकाणूवर कुणी नसतानाही तिने शहाण्यासारखं थांबलं पाहिजे. तिच्या लांब, खोल तळाचं आणि साध्या शिडांचं कारण हे आहे. नव्याने या विषयात येणाऱ्याला म्हणूनच माझं पहिलं सांगणं असं, की बोटीचं चित्र पाहताना माणूस जहाजावर कसा चढत होता ते आधी शोधा.

दुसरी चूक शब्दाची, आणि ती जास्त लाजिरवाणी. स्पेनमध्ये १५०८ साली अमेरिगो व्हेस्पुचीला ‘पिलोतो मायोर’ नेमलं, हे वाचून मी वहीत त्याची नोंद बंदर-पायलटांचा मुख्य म्हणून केली होती. त्या काळच्या स्पॅनिश कागदांत ‘पिलोतो’ म्हणजे भर समुद्रात दिशा ठरवणारा नाविक. बंदराच्या तोंडाशी भेटणारा स्थानिक माणूस वेगळा. जुन्या इंग्रजीत तो ‘लोड्समन’, डचमध्ये ‘लोड्स’, जर्मनमध्ये ‘लोत्से’. नुसतं ‘पायलट’ शोधलंत तर एकतर दर्यावर्दी मिळतील, नाहीतर विमानं.

आता मुद्द्याचं. मी बरीच वर्षं बोटींच्या लांब्या-रुंद्या उतरवत बसलो. तोच वेळ पायलटला पैसे कोण आणि कसे देतं हे पाहण्यात घालवायला हवा होता. जहाज पाण्यात किती फूट बसतं त्यावर फी ठरायची, अशी पद्धत पुष्कळ बंदरांत होती. साहजिकच जास्त माल भरलेलं, खोल बसलेलं जहाज सगळ्यांना हवं असे. जिथे प्रत्येक पायलट आपल्या बोटीच्या जिवावर कमावतो, तिथे बोटी वेगवान होतात. जिथे पाळी लावलेली असते किंवा पगार मिळतो, तिथे त्या मोठ्या, संथ आणि राहायला सोयीच्या होतात.

न्यूयॉर्कचं उदाहरण यासाठी सगळ्यात बोलकं आहे. तिथे पायलटांची मक्तेदारी होती. नोव्हेंबर १८३६ मध्ये ‘ब्रिस्टल’ आणि जानेवारी १८३७ मध्ये ‘मेक्सिको’ ही जहाजं बंदराबाहेर पायलटची वाट पाहून अखेर लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर फुटली. एकट्या ‘मेक्सिको’वर शंभराहून जास्त माणसं गेली, त्यातली कित्येक थंडीने गोठून. लोक खवळले. मार्च १८३७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून शेजारच्या न्यू जर्सीच्या पायलटांनाही वाट मोकळी केली. मग जी चढाओढ लागली तिच्यात पायलटांचे स्कूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या बोटी, गिऱ्हाईक गाठायला शेकडो मैल बाहेर जाऊ लागले. हे स्कूनर आखणाऱ्यांपैकी एक जॉर्ज स्टीअर्स. त्यानेच आखलेल्या ‘अमेरिका’ नावाच्या बोटीने १८५१ साली इंग्लंडमध्ये शर्यत जिंकली आणि ‘अमेरिकाज कप’ या शिडाच्या बोटींच्या शर्यतीला नाव मिळालं. त्या शर्यतीच्या बोटीची घडण पायलट स्कूनरांचीच. पुढे १८९५ च्या सुमारास दोन्ही राज्यांचे पायलट एकत्र आले, चढाओढ संपली आणि १८९७ मध्ये ‘न्यूयॉर्क’ नावाची वाफेवरची पायलट बोट आली. वेगवान शिडांचं काम तिथे सरलं.

उलट उदाहरण फार जुनं आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात बॅरिगाझा, म्हणजे भडोचजवळ, राजाच्या चाकरीतले कोळी ‘त्रप्पगा’ आणि ‘कोटिंबा’ नावाच्या मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जहाजांना सामोरे जात, असं लिहिलंय. वाळूच्या उथळ पट्ट्यांतून वाट काढत, भरती लागली की जहाज ओढत वर न्यायचं आणि ओहोटीत ठरलेल्या जागी नांगरून ठेवायचं. ही राजाची चाकरी. या होड्यांकडून शर्यतीच्या वेगाची अपेक्षा कशाला करायची? भरपूर वल्हेकरी आणि ओढायची ताकद, एवढं पुरे.

कागद शोधताना जहाजबांधणीच्या पुस्तकांआधी फीचे तक्ते, कायदे आणि खटले काढा. १८०३ च्या पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात होतं, की स्थानिक पायलट नाकारणाऱ्या जहाजाने तरीही अर्धी फी भरायची. ती रक्कम हलाखीतल्या पायलटांसाठी आणि त्यांच्या विधवा-मुलांसाठी. तो वाद १८५२ मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. असे कागद रुक्ष असतात, पण धंद्याची आर्थिक नाडी त्यांतच सापडते.

जतन केलेल्या बोटी जरूर बघा, फक्त हुरळून जाऊ नका. पायलटांनी विकल्यावर बहुतेकींची हौशी नौका झाली. १९१३ ची ‘जोली ब्रीझ’ फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराची पायलट कटर होती, तिने १९२५ ची पहिली फास्टनेट शर्यत मारली. १९०६ ची ‘मिस्चीफ’ १९५४ मध्ये गिर्यारोहक बिल टिलमनने घेतली. अशा बोटींत पुढे केबिनी वाढल्या, इंजिनं आली, शिडं बदलली. आत शिरल्यावर दिसतं त्यातलं पायलटच्या काळातलं किती, हे जुन्या फोटोशी ताडल्याशिवाय वहीत लिहू नये.

आणि फोटोंबद्दल एक. न्यूयॉर्कच्या स्कूनरांच्या मोठ्या शिडावर ठळक आकडा असे. त्यावरून बोट ओळखता येते असं वाटतं, पण एक बोट बुडाली किंवा विकली गेली की तोच आकडा दुसरीला मिळे. आकड्यासोबत फोटोचं साल हाती नसेल तर नावाच्या रकान्यात पेन्सिलनेच लिहा.