साठवलंय, पण खर्चताना हात आखडतो? या चुका टाळा

बँकेतून निवृत्त झाल्यापासून सोसायटीतल्या लोकांचे फॉर्म भरून देणं हा माझा बिनपगारी उद्योग आहे. व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म, नॉमिनेशन, पोस्टातली कामं. त्यामुळे कोणाकडे किती आहे हे न विचारताच कळतं. ज्यांच्याकडे भरपूर आहे तीच मंडळी रिक्षाचे पैसे वाचवायला, दुखरे गुडघे घेऊन मंडईतून चालत येतात. ‘पैसा वर नेता येत नाही’ छाप फॉरवर्ड त्यांनाही रोज येतात, तेही पुढे ढकलतात आणि भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून हुज्जत घालायला जातात. जन्मभराची सवय सुविचारांनी सुटत नाही. पैसे कुठे आणि कसे ठेवलेत, तिथेच खरी गोम असते.

सगळा पैसा मोठ्या एफडीत कोंडणं

ही चूक पाहून मी थकलो आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी. पेन्शन चालू, शिवाय दहा-दहा लाखांच्या चार एफडी. सगळ्या पाच वर्षांच्या, व्याज मुद्दलात मिळवत जाणाऱ्या आणि सगळ्या एकाच बँकेत. (बँक बुडाली तर कामी येणारा ठेव विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच असतो, पण ‘सुरक्षित आहे’ हे समाधान मोठं.) कानांनी कमी ऐकू यायला लागलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्रं सांगितली, खर्च लाखभर.

“त्यासाठी एफडी मोडू?” काकांचा प्रश्न. चार वर्षं झालेली ठेव मोडली तर दंडात चांगलेच पैसे जातात, हे त्यांचं बरोबर होतं. मग मी म्हटलं, मोडू नका, एफडीवर कर्ज घ्या. बँक एफडीच्या दरापेक्षा साधारण टक्काभर जास्त व्याज लावते, म्हणजे लाखाला वर्षाकाठी हजार रुपयांचा फरक. “कर्ज? या वयात?” विषय संपला.

मग सुरू झाले शॉर्टकट. तीन हजारांचं आवाज वाढवणारं मशीन ऑनलाइन आलं. त्यात काकूंपेक्षा पंखा मोठ्यानं ऐकू यायचा. ते ड्रॉवरमध्ये गेलं, मग पेपरातली जाहिरात बघून दुसरं आलं, तेही तिथेच. वर्षभर काकू प्रत्येक वाक्य दोनदा बोलत होत्या. एफडी मॅच्युअर झाली तेव्हा काका फॉर्म घेऊन माझ्याकडे हजर: “दर बरा आहे, पूर्ण रक्कम परत पाच वर्षांसाठी टाका.” मी फॉर्मवर लाख रुपये बचत खात्यात लिहिले आणि उरलेलेच मुदतठेवीसाठी. सही करताना कुरकुरले, आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता लिफ्टमध्ये मी हळू बोललो तरी उलट उत्तर देतात.

माझी स्वतःची पद्धत अशी: दीड-दोन लाखांच्या छोट्या एफडी, दर तिमाहीला एकीची मुदत संपेल अशा. लागले तर त्यातून घ्यायचे, नाही लागले तर पुढे टाकायचे. मोडायची वेळच येत नाही. व्याज थोडं कमी मिळत असेल, मी हिशोब करत बसत नाही.

व्याजाला हात न लावणं

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत (पोस्टातही मिळणारी सरकारी योजना) पैसे टाकायची मर्यादा २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख झाली. पूर्ण रक्कम टाकली आणि दर ८.२ टक्के धरला, तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. ते खर्चासाठीच असतात. तरी पोस्टात व्याज न उचलणारे लोक मी पाहिलेत, ‘पडू दे, वाढेल’ म्हणून. वाढत नाही! न उचललेल्या व्याजावर या योजनेत व्याज मिळत नाही. माझं व्याज वेगळ्या बचत खात्यात येतं, त्याचं कार्डही वेगळं. त्या खात्यातल्या पैशाची एफडी करायची नाही, हा घरातला नियम आहे. बायकोने तो माझ्यापेक्षा लवकर आत्मसात केला.

‘आजारपणाला लागेल’, पण किती ते न ठरवणं

आकडा नसला की सगळीच शिल्लक हॉस्पिटलची होते. विमा किती, त्यावर वरखर्चाला किती, हे कागदावर मांडा, तेवढे वेगळे ठेवा. उरलेल्यावर आजारपणाचा हक्क नाही.

ग्रॅच्युइटी आली की एकदम उडी

ही घाईवाल्यांची चूक. निवृत्तीच्या समारंभात कोणीतरी ‘आता जगा’ म्हणतं आणि हे दुसऱ्या महिन्यात मोठी गाडी बुक करतात. आमच्याच शाखेतल्या एकाने केली. खात्यातला आकडा एका दिवसात खाली आला तसा तो इतका बिथरला, की पुढे चहाची पावडरही मोजून टाकायला लागला. गाडी कव्हरखाली असते. दर रविवारी बॅटरी उतरू नये म्हणून पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवतो, आणि त्यात किती पेट्रोल गेलं ते वहीत लिहितो. मुलगा विका म्हणतो, तर म्हणे आता भाव येणार नाही.

सुरुवात रोज हाताळायच्या वस्तूंपासून करा: गादी, चपला, दुसरा चष्मा, आवाज न करणारा मिक्सर. दोन-तीन महिने पासबुक बघत राहा. व्याज येतंय, मुद्दल जागेवर आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की मग सहलीचं बघा. युरोप कुठे पळून जात नाही.

किरकोळ

सोनं घेऊन ‘खर्च केला’ म्हणणं. तो खर्च नाही, लॉकर बदलणं आहे.

सूट आहे म्हणून नको ते घेणं आणि सूट नाही म्हणून हवं ते न घेणं.

प्रत्येक खरेदी मुलांना विचारून करणं. ती ‘घ्या ना बाबा’च म्हणतात, आणि तुम्ही तरीही घेत नाही. मग विचारता कशाला?