ठासणीच्या रायफलचा बार उडत नव्हता, मग असं केलं
शाळेत असल्यापासून मनात होती, शेवटी लायसन्स झालं आणि १८५३ च्या एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलच्या धर्तीची, .५७७ बोअरची (म्हणजे नळीचं भोक .५७७ इंच) ठासणीची रायफल, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, साताऱ्याला घरी आली. रेंजवर पहिल्याच दिवशी टोपी (घोडा आदळला की ठिणगी देणारी छोटी धातूची वाटी) फुटली पण बार नाही! नळी टार्गेटकडेच धरून मिनिटभर थांबलो, मग तिथल्या सरांनी गोळी खेचून काढली. निपल, म्हणजे टोपी बसते तो पोकळ खुंटा, खोलला तर आत साठवणीचं तेल गच्च, ठिणगी दारूपर्यंत जाणार कशी. तार घालून साफ केला, रिकाम्या नळीवर दोन टोप्या उडवल्या, नळीच्या तोंडापुढचं गवत हललं म्हणजे वाट मोकळी. मग जो बार झाला ना, खांदा अजून दुखतोय पण काय तो पांढरा धूर! घरी आल्याआल्या नळी गरम पाण्यानी धुतली, काळ्या दारूची राख ओल धरते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज लगेच चढतो.