चालू सिम्युलेशनमध्ये हात घालायचाय? मग आधी हे वाचा

क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या बऱ्याच कम्प्युटरवर, म्हणजे नोड्सवर) नवीन आलेल्या पोरांचा ठरलेला प्रश्न असतो, जॉब टाकला, आता संपेपर्यंत नुसतं लॉग बघत बसायचं का? तर नाही, चालू रनमध्ये डोकावता येतं आणि सेटिंगही बदलता येतं, कॉम्प्युटेशनल स्टीअरिंग म्हणतात ते हेच, आणि त्यासाठी लगेच एखादं अवजड फ्रेमवर्क शिकायला जाऊ नका.

ओपनफोम (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर निम्मं काम झालेलंच आहे. कंट्रोलडिक्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये रनटाइममॉडिफायेबल चालू ठेवा, मग रन चालू असतानाच फाइल उघडून एंडटाइम वाढवा, राइटइंटर्व्हल बदला, सेव्ह केलं की थोड्या वेळात सॉल्व्हर, म्हणजे गणित करणारा प्रोग्राम, बदल स्वतःच उचलतो. स्टॉपअॅटला राइटनाऊ लिहिलं की हातातली टाइमस्टेप पूर्ण करून, डेटा लिहून मगच थांबतो. एसकॅन्सल (जॉब रद्द करायची कमांड) मारून मधेच गळा आवळण्यापेक्षा हे कधीही बरं.

स्वतःचा एमपीआय कोड असेल, म्हणजे एकच काम वाटून घेऊन एकमेकांना निरोप पाठवणाऱ्या बऱ्याच प्रोसेस (प्रत्येक प्रोसेस म्हणजे एक रँक), तर खरी गंमत इथे आहे. सगळ्यात आधी सुचतं ते हे की प्रत्येक रँकने पॅरामीटरची फाइल वाचावी. करू नका! शेअर्ड डिस्कवर फाइल बदलली तरी सगळ्या नोड्सना ती एकाच क्षणी बदललेली दिसेल याची गॅरंटी नसते, त्यामुळे काही रँक नव्या डेल्टाटीने (टाइमस्टेपच्या लांबीने) पुढे आणि बाकीचे जुन्याने, म्हणजे अर्धी वरात एका गल्लीत आणि अर्धी दुसऱ्या. त्यात बदल "आत्ता आउटपुट लिही" असा असेल तर अजूनच वाईट, कारण काही रँक कलेक्टिव्ह कॉलमध्ये (जो सगळ्या रँकनी मिळूनच पूर्ण होतो) शिरून बाकीच्यांची वाट बघत बसतात, एरर काहीच येत नाही, जॉब नुसता लटकतो आणि कोअर-तास जळत राहतात. म्हणून लूपच्या सुरुवातीला फक्त रँक झिरोने फाइल बघायची आणि ब्रॉडकास्टने सगळ्यांना सांगायचं. दर स्टेपला कशाला, पन्नास स्टेपमागे एकदा पुरतं. ओपनफोममधला टाइमस्टँपमास्टर पर्यायही हेच करतो, फाइल बदलली का ते मास्टरच, म्हणजे रँक झिरोच, बघतो.

बघण्यासाठी पॅराव्ह्यू, डेटाची चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याचा सर्व्हर, पीव्हीसर्व्हर, कम्प्युट नोडवर चालवा (लॉगिन नोडवर चालवलात तर अॅडमिनचा मेल येणारच), डिफॉल्ट पोर्ट 11111, लॅपटॉपवरून एसएसएच टनेल. दोन्हीकडे पॅराव्ह्यूचं व्हर्जन सेम ठेवा, नाहीतर कनेक्शन होत नाही आणि आपण फायरवॉलला शिव्या घालत बसतो. डिस्कवर लिहिण्यातच वेळ जात असेल तर मग पॅराव्ह्यूच्याच कॅटॅलिस्टकडे वळा, ते रन चालू असताना मेमरीतल्या डेटावरूनच चित्रं काढतं. मॉलिक्युलर डायनॅमिक्सवाल्यांची (अणू-रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन करणाऱ्यांची) तर मजाच आहे, लॅम्प्स या त्यांच्या सॉफ्टवेअरला फिक्स आयएमडी या कमांडने व्हीएमडी हा रेणू दाखवणारा प्रोग्राम जोडला की माऊसने अणू ओढता येतात!

जॉब सुरू होण्याआधीच्या रांगेचं मात्र काही करता येत नाही, जॉब पहाटे तीनला सुरू झाला तर तेव्हा कोण स्टीअर करणार? स्लर्मला (क्लस्टरवरची रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) जॉब सुरू होताना मेल टाकायला सांगा आणि सराव डीबग क्यूमध्ये, म्हणजे छोट्या चाचण्यांच्या रांगेत, छोट्या मेशवर (गणिताच्या जाळीवर) करा.

आणि प्रत्येक बदल, म्हणजे स्टेप नंबर, जुनी व्हॅल्यू, नवी व्हॅल्यू, रँक झिरोकडून लॉगमध्ये छापून घ्याच, कारण सहा महिन्यांनी गाइड विचारतात की ग्राफला इथे मधेच वाकडेपणा का आलाय.