पेन्शनच्या खासगीकरणाचे युक्तिवाद तपासताना या चुका टाळा

‘सरकारकडे पडून राहण्यापेक्षा बाजारात गुंतवलेला पैसा अधिक वाढतो’ हा युक्तिवाद बेलापूरच्या कोकण भवनातील कर्मचाऱ्यांपुढे आणि वागळे इस्टेटमधील कामगारांपुढे वारंवार मांडला जातो. त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी किंवा तो फेटाळण्यापूर्वी तो नीट तपासायला हवा, कारण प्रश्न म्हातारपणाच्या आधाराचा आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे परताव्याचे दोन दर शेजारी ठेवून निकाल देणे. आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या निवृत्तांची पेन्शन दिली जात असेल, तर ती वर्गणी वैयक्तिक खात्यांत वळवताच निवृत्तांचे पैसे कोठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बहुधा कर, कर्ज किंवा इतर खर्चात कपात हेच असते. चिलीने १९८१ साली हा बदल केल्यावर तो खर्च तेथील सरकारी तिजोरीने अनेक वर्षे उचलला. हंगेरीने २०१० नंतर आणि पोलंडने २०१४ साली खासगी निधीतील मोठा हिस्सा पुन्हा सरकारी व्यवस्थेकडे घेतला; दोन्हीकडे तिजोरीवरील ताण हे एक प्रमुख कारण होते. हा खर्च न मोजता केलेली तुलना मला अप्रामाणिक वाटते.

निधी सांभाळणाऱ्यांच्या शुल्काकडेही दुर्लक्ष करू नये. चाळीस वर्षे सारखी वर्गणी भरली आणि शुल्कामुळे वार्षिक परतावा ८ ऐवजी ७ टक्के मिळाला, तर अखेरची रक्कम एक पंचमांशाहून अधिक घटते.

‘बाजाराशी जोडलेली’ आणि ‘खासगी’ या दोन गोष्टी एक समजण्याची गल्लत आपल्याकडे फार होते. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या महाराष्ट्रातील राज्य कर्मचाऱ्यांना शेवटच्या पगारावर ठरणारी जुनी पेन्शन सरसकट लागू राहिली नाही; पुढे ते बाजारात पैसा गुंतवणाऱ्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत आले. पण या योजनेत निधी सांभाळणाऱ्यांमध्ये सरकारी मालकीच्या संस्थाही आहेत. खरा बदल झाला तो जोखमीत, कारण बाजार पडला तर तोटा कर्मचाऱ्याच्या वाट्याला येतो.

याउलट, सरकारी म्हणजे पुरेशी, असेही मानू नये. भविष्य निर्वाह निधीच्या सदस्य कामगारांसाठी असलेल्या ‘कर्मचारी पेन्शन योजना १९९५’ या सरकारी योजनेतील किमान पेन्शन २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरली आणि ती महागाईशी जोडलेली नाही. खासगीकरणाला विरोध करणाऱ्यांनी या रकमेबद्दलही तितक्याच तळमळीने बोलायला हवे.